हिटलरची किकबॉक्सर म्हणे! मामांच्या फॉरवर्डला सविस्तर उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत हा मेसेज मला चार वेगवेगळ्या ग्रुपवर आलाय, शेवटचा आमच्या फॅमिली ग्रुपवर खुद्द मामांकडून, खाली दोन हात जोडलेले आणि "खरा इतिहास लपवला गेला" ही ओळ. मामांशी फोनवर वाद घालण्यात अर्थ नसतो, दुसऱ्या मिनिटाला गाडी "तू आता फार शिकलास" या स्टेशनवर येऊन थांबते, म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच काढू, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक टाकली की काम झालं.

ज्यांना अजून आला नसेल (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी मेसेजचा सारांश असा. व्हायोलेट मॉरिस नावाची फ्रान्सची किकबॉक्सिंग आणि ऑलिम्पिक चॅम्पियन होती. पुरुष व्हायच्या वेडापायी तिने स्वतःचे स्तन कापून घेतले. देशाने हाकलल्यावर सूड म्हणून हिटलरला मिळाली, १९३६ ला हिटलरने तिला स्वतः बर्लिनला बोलावून सत्कार केला, तिने मॅजिनो लाईनचे नकाशे जर्मनांना विकले आणि त्यामुळे फ्रान्स सहा आठवड्यांत पडला. पुढे "गेस्टापोची तरस" (गेस्टापो म्हणजे नाझींचे गुप्त पोलीस) बनून तिने जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या शेकडो फ्रेंच क्रांतिकारकांचा छळ केला, नूर इनायत खानलाही तिनेच पकडून दिलं, आणि शेवटी लंडनहून हुकूम आल्यावर क्रांतिकारकांनी तिला गोळ्या घातल्या. वर एक फोटो, आखूड केस, कोट-टाय, गाडीच्या स्टिअरिंगमागे बसलेली बाई. फोटो खरा आहे. बाकीचं बघू.

आधीच सांगून टाकतो, ही बाई साध्वी होती असं मी म्हणणार नाहीये. पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना तिचं त्यांच्याशी चांगलं जमत होतं, जर्मन हवाईदलाने ताब्यात घेतलेलं एक गॅरेज ती सांभाळायची, विशी सरकारच्या (म्हणजे जर्मनांशी जमवून घेतलेल्या फ्रेंच सरकारच्या) वर्तुळातल्या एका माणसाची ड्रायव्हर होती, काळ्या बाजारातही हात होते. त्याला गद्दारी म्हणा, स्वार्थ म्हणा, मला चालेल. पण गॅरेज चालवणं वेगळं आणि देशाच्या तटबंदीचे नकाशे विकणं वेगळं, आणि या दोन्हींच्या मधली सगळी जागा या मेसेजने कल्पनेने भरलीय.

पहिलं ते किकबॉक्सिंग. हा शब्दच मुळात जपानमध्ये १९६० च्या दशकात रुळला, व्हायोलेट १९४४ ला मेली. फ्रान्सची स्वतःची लाथाबुक्क्यांची विद्या आहे, तिला सावाट म्हणतात, बूट घालून खेळतात, नियम आणि शाळा सगळं आहे, १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तिची प्रात्यक्षिकंही झाली होती. व्हायोलेट बॉक्सिंग करायची हे खरंय, पुरुषांशीसुद्धा करायची, पण तिचं खरं नाव झालं ते गोळाफेक आणि थाळीफेकीत. १९२१ ला माँटे कार्लोला बायकांच्या वेगळ्या स्पर्धा झाल्या तिथे ती गोळाफेकीत पहिली. त्या काळी बायकांच्या गोळाफेकीत उजव्या हाताची फेक आणि डाव्या हाताची फेक मोजून बेरीज करायचे, आपल्याला आज वाचून हसू येतं पण डाव्या हाताने गोळा टाकून बघा एकदा. शिवाय फुटबॉल, पोहणं, वॉटरपोलो, सायकल, मोटरसायकल, मोटार, जे दिसेल ते. "पुरुष जे करतो ते व्हायोलेट करू शकते" असं तिचं ब्रीदच होतं. आणि १९२७ ला तिने बोल दोर जिंकली, छोट्या गाड्यांची सलग २४ तासांची शर्यत. हे साल लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

ऑलिम्पिक चॅम्पियन तर ती नव्हतीच. बायकांना ऑलिम्पिकच्या मैदानी खेळांत पहिल्यांदा घेतलं तेच १९२८ ला ॲमस्टरडॅममध्ये, तेही पाचच प्रकारांत, त्यात थाळीफेक होती पण गोळाफेक नव्हती (ती बायकांसाठी थेट १९४८ ला आली), आणि नेमक्या त्याच वर्षी फ्रान्सच्या महिला क्रीडा फेडरेशनने तिचं लायसन्स रिन्यू करायला नकार दिला. म्हणजे जी थाळीफेक तिला खेळता आली असती तीही गेली.

आता तो नकार का, हे मेसेजमध्ये "देशाने हाकलल्यावर" एवढ्या दोन शब्दांत उरकलंय आणि मला वाटतं सगळी गोष्ट खरं तर तिथेच आहे. मैदानावरची शिवीगाळ आणि मारामारीच्या तक्रारी होत्या, त्या खऱ्याही असतील, बाई रागीट होती. पण वादाचं मूळ होतं तिची पँट, आखूड केस, तोंडातली सिगरेट आणि बायकांवरचं उघड प्रेम. तिने फेडरेशनवर दावा ठोकला, १९३० मध्ये निकाल लागला, हरली. त्या खटल्यात पॅरिसच्या पोलीसप्रमुखाचा १८०० सालचा एक हुकूम पुढे आला होता, की बाईला पुरुषी कपडे घालायचे असतील तर पोलिसांची परवानगी हवी. पुढे १८९२ आणि १९०९ ला त्यात सूट दिली, काय सूट तर बाईच्या हातात सायकलचं हँडल किंवा घोड्याचा लगाम असेल तर पँट चालेल!! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कोणीतरी थट्टा करतंय असं वाटलेलं. हा हुकूम रद्दबातल असल्याचं फ्रेंच सरकारने अधिकृतपणे जाहीर केलं ते २०१३ मध्ये. हो, २०१३, आपल्या हातात स्मार्टफोन आल्यावर.

स्तनांचं. ऑपरेशन झालं, १९२९ ला, हे खरंय आणि तिने ते लपवलंही नाही. कारण तिने सांगितलं ते असं की रेसिंगच्या गाडीच्या अरुंद सीटमध्ये स्टिअरिंगमागे नीट बसता यावं. आता तिच्या मनात अजून काय होतं हे शंभर वर्षांनी आपण ठरवणारे कोण, तिने दिलेलं कारण आपल्यासमोर आहे, पण "पुरुष व्हायच्या वेडापायी" हे मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यातलं आहे. आणि गंमत बघा, मेसेजमध्ये हे वाक्य गद्दारीच्या आधी येतं, जणू ते पुढच्या सगळ्याचं कारणच आहे. जी बाई शरीराशी असं करते ती देशाशी काय करणार नाही, असा तो न बोललेला युक्तिवाद. हा मला सगळ्यात घाणेरडा वाटतो.

मधली काही वर्षं मेसेजमध्ये नाहीतच, ती पटकन सांगतो. मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान काढलं, बुडालं. मग सेन नदीवर एका बोटीत राहायला गेली, ला मुएत, म्हणजे सीगल पक्षी. १९३७ च्या नाताळला त्या बोटीवर एक दारू प्यायलेला माणूस धमकावत आला, झटापट झाली, तिने पिस्तूल काढलं आणि तो मेला. अटक झाली, पण स्वसंरक्षण म्हणून सुटली. ज्यां कॉक्टो, तो लेखक, १९३९ मध्ये त्याच बोटीवर राहून नाटक लिहीत होता. म्हणजे १९३५ पासून पगारी जर्मन हेर असलेल्या (असा दावा आहे) बाईचं घर हे असं, कलाकारांचा राबता आणि वर्तमानपत्रांत गाजलेला खून. गुप्तहेराने लपून राहायचं असतं असा माझा आपला समज होता.

बर्लिनचा सत्कार, नकाशे आणि छळ या तिन्ही गोष्टींचं मूळ बघायला गेलं तर १९८० च्या दशकाच्या शेवटी फ्रान्समध्ये आलेल्या एका चरित्रापाशी जाऊन थांबतं, म्हणजे बाई मेल्यावर पंचेचाळीस वर्षांनी. ते रंगवून लिहिलेलं, खपलं, पुढे ती गोष्ट इंग्रजीत गेली, तिथून लेख, लेखातून व्हिडिओ, व्हिडिओतून मामा. मारी-जोसेफ बोने या इतिहासकार बाईंनी नंतर अर्काइव्हमध्ये बसून कागद चाळले आणि २०११ ला स्वतःचं पुस्तक काढलं. हेरगिरीचा पुरावा नाही, छळ केल्याचा पुरावा नाही, गॅरेज आणि ड्रायव्हरकी आहे, असा त्यांचा निष्कर्ष. बोने यांचंही सगळंच शेवटचं मानू नका, पण निदान त्यांनी कागद शोधले.

आता मॅजिनो लाईन, कारण मामांनी फोनवर याच मुद्द्यावर जास्त जोर दिला होता, "अरे पण फ्रान्स पडला ना सहा आठवड्यांत, कसा पडला मग?"

मामा, सांगतो. मॅजिनो लाईन म्हणजे जर्मनीच्या सीमेला लागून जमिनीखाली बांधलेल्या किल्ल्यांची रांग, वर तोफांचे पोलादी घुमट आणि खाली भुयारं, छोटी रेल्वे, दवाखाना, जनरेटर. पैसा १९३० च्या सुरुवातीला मंजूर झाला आणि नाव पडलं आंद्रे मॅजिनो या मंत्र्याचं. हजारो मजूर आणि कंत्राटदार वर्षानुवर्षं त्यावर राबत होते. ती होती हे सगळ्या जगाला माहीत होतं, फ्रान्सचं सरकार स्वतःच तिची जाहिरात करायचं, ऑगस्ट १९३९ मध्ये चर्चिल ती बघून गेले. शत्रूला कळावं की इथून येऊ नका, हाच तर तिचा उद्देश होता. आपल्या सोसायटीच्या गेटवर "कुत्र्यापासून सावध राहा" ही पाटी लावतात ती चोराला वाचता यावी म्हणूनच ना.

आणि जर्मन तिथून आलेच नाहीत! हाच तर सगळा मुद्दा आहे. जर्मनांचा मूळ प्लॅन बेल्जियममधून यायचा होता. १० जानेवारी १९४० ला त्यांचं एक विमान वाट चुकून बेल्जियममध्ये उतरलं आणि आत एक अधिकारी, त्याच्याकडे त्या प्लॅनचे कागद, तो ते जाळायला बघतोय आणि नीट जळत नाहीयेत. (नकाशे शत्रूच्या हाती पडल्याची खरी गोष्ट हवी असेल तर ही घ्या, फक्त दिशा उलटी आहे.) त्यानंतर मॅनस्टाईन या जर्मन सेनानीची कल्पना पुढे सरकली, की बेल्जियमच्या उत्तर भागात गाजावाजा करायचा आणि खरा घाव आर्देनच्या जंगलातून घालायचा. हे जंगल मॅजिनोच्या मुख्य रांगेच्या टोकाच्या पलीकडे येतं, तिथे तटबंदी पातळ, कारण रणगाडे एवढ्या डोंगरातून येणार नाहीत अशी फ्रेंच सेनापतींची खात्री. १३ मे १९४० ला जर्मनांनी सेदांजवळ म्यूज नदी ओलांडली, वरून विमानांचा भडिमार, आणि मग ते आत न वळता सरळ समुद्राकडे सुटले. बेल्जियममध्ये पुढे गेलेली फ्रेंच आणि ब्रिटिश फौज मागून कापली गेली. संपलं.

मॅजिनोचे मोठे किल्ले? त्यातले बहुतेक २५ जूनला युद्धबंदी लागू झाली तेव्हासुद्धा लढत होते किंवा न पडलेले होते, आतल्या सैनिकांना वरून हुकूम आला म्हणून ते बाहेर आले. टोकाचा ला फेर्तेचा छोटा किल्ला १९ मे ला पडला, आतली सगळी १०७ माणसं गेली, पण तेही सेदां फुटून जर्मन बाजूने आल्यावर. म्हणजे कुणी नकाशे विकले असते, अगदी तिरंगी रिबीन बांधून दिले असते तरी त्यांनी युद्धाचा निकाल बदलला नसता, कारण निकाल त्या भिंतीपाशी लागलाच नाही. आणि अशा तटबंदीवर कसं चढायचं याचा सराव जर्मनांना हवा होता तर तो १९३८ च्या म्युनिक करारानंतर आयता हातात आलेल्या चेक किल्ल्यांवर त्यांनी केलाच. एका गोळाफेकपटूची गरज नव्हती.

फ्रान्समधल्या काहींना मात्र ही गोष्ट सोयीची असावी असं माझं आपलं मत. सेनापतींनी आर्देनकडे दुर्लक्ष केलं, मे महिन्यात दिवसेंदिवस निर्णय होत नव्हते, हे मान्य करण्यापेक्षा एक पँट घातलेली बाई पुढे करणं सोपं. आपल्याकडे "ध चा मा" आहेच की. नारायणराव पेशव्यांच्या खुनाला १७७३ पासून अडीचशे वर्षं झाली, रामशास्त्र्यांनी दोषी धरलं राघोबादादांना, पण शाळेतल्या पोराला विचारा खून कोणी करवला, तो म्हणेल आनंदीबाईने, एक अक्षर बदलून. त्या अक्षर बदललेल्या कागदाला आधार काय, हे कोणी विचारत नाही. गोष्ट इतकी चपखल बसते की कागदाची आठवणच होत नाही.

नूर इनायत खानचा मुद्दा मी सोडणार होतो पण ग्रुपवर तिघांनी त्यावरच रडकी स्मायली टाकलीय, म्हणून. नूरचे वडील हजरत इनायत खान बडोद्याचे, पणजोबा मौलाबक्ष म्हणजे गायकवाडांच्या दरबारातले मोठे गवई ज्यांनी तिथे गाण्याची शाळा काढली, त्यामुळे आपल्या लोकांना तिच्याबद्दल जवळीक वाटते ते साहजिकच. ती जून १९४३ मध्ये ब्रिटिशांची वायरलेस ऑपरेटर म्हणून फ्रान्समध्ये उतरली, या कामासाठी पाठवलेली पहिली बाई. आल्या आल्या तिच्या आसपासचं अख्खं जाळं पकडलं गेलं, लंडनने परत ये म्हटलं तरी ती राहिली, आणि ऑक्टोबरमध्ये पॅरिसमध्ये पकडली गेली. कोणी पकडून दिलं? संशय गेला तो तिच्याच गटाच्या प्रमुखाच्या बहिणीवर, पैशासाठी केलं असा आरोप, युद्धानंतर त्या बाईवर खटला चालला आणि ती सुटली. या सगळ्यात व्हायोलेट मॉरिस कुठेही नाही. १३ सप्टेंबर १९४४ ला नूरला डाखाऊच्या छळछावणीत गोळी घातली. व्हायोलेट तेव्हा मरून साडेचार महिने झाले होते. नूरची गोष्ट आहे तशीच एवढी मोठी आहे की तिला खलनायिका उसनी आणायची गरजच नाही.

आता शेवटचा प्रसंग, जो मेसेजमध्ये अर्ध्या ओळीत आहे आणि ज्याच्यापुढे "गद्दारांना अशीच शिक्षा" लिहून मुठीची स्मायली आहे.

२६ एप्रिल १९४४. नॉर्मंडी, लिएरेहून एपेन्यकडे जाणारा गावाकडचा रस्ता. सहा आठवड्यांनी याच नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांची फौज उतरणार आहे, पण ते कोणालाच माहीत नाही. सित्रोएन गाडी, स्टिअरिंगवर व्हायोलेट. रस्त्यात सुर्कूफ या स्थानिक क्रांतिकारक गटाची माणसं दबा धरून. हा गट खरा, चांगला लढलेला, त्याचा म्होरक्या रोबेर लब्लां हा गावात किराणा आणि कॅफे चालवणारा माणूस, त्याच्याबद्दल वाचलं तर आदरच वाटतो. गाडी आली, गोळ्या सुटल्या. गाडीत व्हायोलेट एकटी नव्हती. तिथल्याच एका गावातलं एक कुटुंब होतं, खाटकाचा धंदा असलेलं, जर्मनांशी संबंध असलेलं म्हणतात, नवरा बायको आणि त्यांची दोन मुलं. तीही गेली.

मुलांचा उल्लेख मेसेजमध्ये नाही. मी बनवणाऱ्याला दोष देत नाही, त्याला बहुतेक माहीतच नसेल, पण "अशीच शिक्षा" लिहिताना गाडीत अजून कोण होतं एवढं विचारायला काय हरकत होती. आणि इथेच बोने यांचा एक प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, की त्या दिवशी निशाण्यावर नेमकं कोण होतं, ड्रायव्हर की मागे बसलेलं कुटुंब? लंडनहून तिच्या नावाचा हुकूम आला होता हा तपशील त्याच रंगवलेल्या गोष्टीतला. पण एकदा दोन पोरं मेली म्हटल्यावर त्या गाडीत एक राक्षसीण असणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं, नाही का. व्हायोलेटचं प्रेत न्यायला कोणी आलं नाही. शेवटी बेवारस म्हणून पुरलं.

याची दुसरी बाजूही आता फिरायला लागलीय, ती पण सांगायला हवी नाहीतर मामा म्हणतील तू एकाच बाजूचा. काही पोस्टमध्ये ती थेट हुतात्मा झालीय, समाजाने छळलेली, खरं तर क्रांतिकारकांसाठीच काम करणारी डबल एजंट वगैरे. याला पण काडीचा आधार नाही. छळ झाला हे खरं, म्हणून जर्मनांच्या गॅरेजची चावी खिशात नव्हती असं होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या आहेत, त्याला काय करणार.

आता मामांचं फोनवरचं शेवटचं वाक्य, "हे फ्रेंच खेळाडू सगळे असलेच, लगेच शरण". तर गद्दार खेळाडू हवाच असेल तर मी देतो ना, चांगला पुराव्यासकट. आलेक्सांद्र व्हिलाप्लान. १९३० चा पहिलावहिला फुटबॉल वर्ल्ड कप, उरुग्वे, १३ जुलै, फ्रान्सने मेक्सिकोला ४-१ हरवलं आणि वर्ल्ड कपच्या इतिहासातला पहिला गोल त्याच मॅचमध्ये झाला. त्या फ्रान्सच्या टीमचा कॅप्टन हा व्हिलाप्लान. पुढे घोड्यांच्या शर्यतींच्या घोटाळ्यात जेल, मग पॅरिसच्या रू लोरिस्तों या रस्त्यावरची ती कुप्रसिद्ध फ्रेंच गेस्टापोची टोळी, मग अंगावर जर्मन गणवेश आणि हाताखाली माणसं. जून १९४४ मध्ये दोर्दोन्य भागात म्युसिदां गावात ५२ लोकांना गोळ्या घातल्या गेल्या त्या हत्याकांडात याचा हात. पॅरिस सुटल्यावर पकडला, कोर्टात उभा केला, साक्षी झाल्या, शिक्षा झाली आणि डिसेंबर १९४४ मध्ये मोंरूजच्या किल्ल्यात गोळी घातली. नाव आहे, तारखा आहेत, निकाल आहे. पण याचा फॉरवर्ड मला आजवर एकदाही आलेला नाही. देशाचा कॅप्टन होता हो! बहुतेक फोटोत फारच साधा दिसतो, जर्सी, भांग पाडलेला, आपल्या कॉलनीतला कोणीही वाटेल.

आणि शरण न गेलेले? रिनो देला नेग्रा, रेड स्टार क्लबने घेतलेला फुटबॉलपटू, इटालियन स्थलांतरितांचा मुलगा, मनुशियानच्या, म्हणजे जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या स्थलांतरितांच्या गटात होता, २१ फेब्रुवारी १९४४ ला मों-व्हालेरियांवर गोळ्या घातल्या तेव्हा वय २०. विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स, बाप इंग्रज, आई फ्रेंच, १९२९ ची पहिली मोनॅको ग्रां प्री जिंकलेला, इंग्लंडमध्ये ट्रेनिंग घेऊन पॅराशूटने परत फ्रान्समध्ये उतरला आणि पॅरिसच्या बाजूला शस्त्रं लपवायचं जाळं उभं केलं. ऑगस्ट १९४३ ला पकडला, साक्सेनहाउसेनच्या छळछावणीत संपवला. त्याच्या जाळ्यात त्याने जुने रेसिंगचे दोस्त घेतले होते, त्यातला एक रोबेर बेन्वा.

बेन्वावर मी तासभर बोलू शकतो पण थोडक्यात, १९२७ मध्ये (हेच ते साल, व्हायोलेटने बोल दोर जिंकली तेच) या माणसाने देलाज गाडीत एका सीझनमध्ये फ्रान्स, स्पेन, इटली आणि ब्रिटन, चारही ग्रां प्री मारल्या. म्हणजे त्या वर्षी फ्रान्सच्या क्रीडापानांवर ही दोघं एकाच वेळी होती, एकाच धंद्यातली, गाड्या तोडणारी, वेगाची नशा असलेली. १९३७ ला त्याने विमिय या दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. मग युद्ध, मग ते जाळं, मग जर्मनांनी पॅरिसमध्ये भर रस्त्यात उचलला आणि गाडीत कोंबला, तर पठ्ठ्याने चालत्या गाडीचं दार उघडून बाहेर उडी मारली आणि गल्ल्यांत पसार झाला. लंडनला पोचला, परत आला, जून १९४४ मध्ये पुन्हा पकडला गेला, यावेळी सुटका नाही. सप्टेंबरमध्ये बुखेनवाल्डच्या छळछावणीत फाशी.

९ सप्टेंबर १९४५ ला, युद्ध संपून महिनाही झाला नव्हता, पॅरिसच्या बुआ द बुलोन्य बागेतल्या रस्त्यांवर मोटारींच्या शर्यती भरवल्या, कुठून कुठून लपवून ठेवलेल्या जुन्या गाड्या बाहेर काढून. त्यातल्या एका शर्यतीला नाव दिलं होतं रोबेर बेन्वाचं, आणि त्या दिवशीची मोठी शर्यत जिंकली विमियने, जो स्वतःही त्याच जाळ्यात होता. बेन्वाचा १९२७ चा फोटो आहे माझ्याकडे, देलाजमध्ये बसलेला, तोंड ऑइलने काळं. मामा, पाठवू का ग्रुपवर?